पर्सनॅलिटी टेस्टमध्ये 'नॉट सुटेबल' आलं, मला कुठलीच नोकरी मानवणार नाही का?

बाळ, तुझं पत्र वाचलं. खानापुरात बीकॉम केलंस, बेळगावात एका फायनान्स कंपनीची लेखी परीक्षा पास झालीस, मग कॉम्प्युटरवर पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि 'नॉट सुटेबल' असा मेल आला. दादा म्हणतोय पुढच्या वेळी सगळीकडे 'स्ट्राँगली अ‍ॅग्री' ठोकून ये, आणि तू विचारतेस मी अबोल आहे म्हणजे माझं कुठेच जमणार नाही का.

जमणार, आणि चांगलं जमणार. ती पोस्ट दारोदार फिरून लोन विकायची होती असं तूच लिहिलंयस, आणि लहानपणापासून तुला हिशोब जुळवत बसायला आवडतं हेही तूच लिहिलंयस, मग त्या नकाराचं एवढं मनाला का लावून घ्यायचं गं? ते चार अक्षरांचे टाइप असतात ना, मायर्स-ब्रिग्जवाले, मुलं इन्स्टावर लिहितात ते, ती टेस्ट विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका. तरी लोक वापरतात, याचा मला खरंच राग येतो. बिग फाइव्ह नावाची पद्धत, स्वभावाचे पाच मोठे गुण मोजणारी, त्यापेक्षा पक्की आहे. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या दोन संशोधकांनी खूप अभ्यास एकत्र करून बघितलं, तर सगळ्या प्रकारच्या कामात उपयोगी पडणारा गुण निघाला तो कामातला चोखपणा. बोलकेपणाचा फायदा मुख्यतः विक्रीत आणि मॅनेजरच्या कामात दिसला.

आता समाधानाचं. तुझे बाबा उद्यमबागेत इतकी वर्षं लेथवर आहेत, पगार बेताचा आहे तरी कामावर जायला कधी कुरकुर करत नाहीत, असं लिहिलंस. बघ, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हातात आला की मशीनचं सेटिंग त्यांचं, अख्खा पीस ते स्वतः पुरा करतात, मायक्रोमीटर लावला की बरोबर का चूक लगेच कळतं, आणि तो पीस कुठल्यातरी मशीनमध्ये बसणार हे माहीत असतं. हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७० च्या दशकात जवळजवळ हेच मांडलं, की हाताला वेगवेगळं काम, पूर्ण काम, कामाचा कुणाला तरी उपयोग, स्वतः ठरवायची मोकळीक आणि आपलं कसं चाललंय ते कळणं, या पाच गोष्टींवर समाधान बरंच अवलंबून असतं. माणसाच्या स्वभावाचाही त्यात वाटा असतो, पण काम कसं आहे हे विचारायचंच कुणी शिकवत नाही आपल्याकडे. म्हणून पुढच्या इंटरव्ह्यूत सरळ विचार, दिवसभर नक्की काय करायचं, टार्गेट किती, आणि आधीचा माणूस का सोडून गेला.

दादाचं मात्र ऐकू नको. बऱ्याच टेस्टमध्ये तोच प्रश्न उलटा फिरवून परत विचारतात आणि 'मी कधीच चिडत नाही' असले प्रश्न मुद्दाम घातलेले असतात, सगळीकडे एकच ठोकलंस की लगेच दिसतं. आणि खोटं बोलून पास झालीस तरी ते काम रोज तुलाच करायचंय की. प्रश्न इंग्रजीत असतील तर सावकाश वाच, 'नॉट' कुठे आहे ते बघ.

सध्या टॅली आणि जीएसटी शिकून बेळगावातल्या एखाद्या सीए ऑफिसात दोन-तीन महिने काम कर, पगार कमी असला तरी चालेल. कन्नड बोलायला आणि वाचायला पण आत्ताच सुरू कर, इथल्या ऑफिसात क्लायंटची कागदपत्रं कन्नडमध्ये येतात आणि तुला ती रोज लागतील.