तांबडा दिवा पेटण्याआधी : व्हॅनच्या टेम्परेचर मीटरविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : देवगडजवळ आमची आंब्याची बाग आहे. यंदा जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. तिला टेम्परेचर मीटरच नाही, नुसता तांबडा दिवा आहे. पेट्या भरून करूळ घाट चढायचा असतो. मीटर बसवून घ्यावा का? आणि कुठे?

बसवाच, आणि पहिली पेटी भरायच्या आधी बसवा. दिवा पेटतो तो इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यावर. तेव्हा तुम्ही घाटाच्या मध्यावर असता आणि मागे ट्रकांची रांग असते. काटा चढू लागला की लगेच दिसतो आणि बरी जागा बघून गाडी कडेला घेता येते. शिवाय बऱ्याच व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. बॉनेटमधून वाफ निघालेली दिसावी, तसं तिथे काही दिसत नाही.

मीटर आणि सेंडर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) एकाच संचातले घ्या. पाणी तापलं की सेंडरचा रेझिस्टन्स कमी होतो आणि त्यावर काटा हलतो. हे गणित प्रत्येक संचाचं वेगळं असतं. एका गाडीचा सेंडर दुसऱ्याच मीटरला जोडला तर काटा हलेल, पण खोटं दाखवेल.

सेंडरची उत्तम जागा म्हणजे हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात), थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, इंजिनच्या बाजूला. तिथे बंद केलेलं मोकळं भोक असेल तर आटे जुळवून सेंडर तिथे बसवा. गाडीचा मूळ सेन्सर काढू नका आणि त्याच्या वायरला जोडही देऊ नका, ईसीएमचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) हिशोब बिघडेल. मोकळं भोक नसेल तर रेडिएटरच्या वरच्या होस पाइपमध्ये धातूचा टी-पीस घालायचा. पाइपचा आतला व्यास मोजूनच तो आणा. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर तिथला काटा थंडच राहील. आणि दोन्हीकडे रबर असल्यामुळे टी-पीसला ‘अर्थ’ (करंटला निगेटिव्हकडे परतायची वाट) मिळत नाही. त्याच्यापासून इंजिनपर्यंत वेगळी वायर ओढावी लागते. ती विसरली की काटा हलत नाही आणि नवा मीटर खराब निघाला म्हणून दुकानात परत जातो.

मीटरला करंट इग्निशनवर चालू होणाऱ्या वायरवरून घ्या, मध्ये २-३ अँपिअरचा फ्यूज टाका. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

बसवण्याआधी घरी एक परीक्षा घ्या. शेगडीवर टोपात पाणी उकळा. सेंडरचं पितळी टोक तेवढं पाण्यात धरा, टर्मिनल कोरडं राहू दे. सेंडरच्या अंगाला निगेटिव्ह वायर गुंडाळा आणि एखाद्या सुट्या सीलबंद १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर चालवा. बॅटरी शेगडीपासून चांगली लांब ठेवा. खळखळ उकळी आली की काटा १०० वर यायला हवा. आपण समुद्रसपाटीला राहतो त्याचा हा फायदा. महाबळेश्वरला तेच पाणी ९५-९६ अंशांनाच उकळेल. माझ्या हातून बसवलेला प्रत्येक मीटर आधी टोपातून गेलेला असतो.

प्रश्न : दापोलीला मीटर बसवून घेतला. दिवसा ठीक चालतो, पण रात्री हेडलाइट लावले की काटा एकदम सरकतो. सेंडर गेला का?

सेंडर बहुधा ठीक आहे. पाणी एका क्षणात तापत नाही. बटण दाबल्याबरोबर काटा उडी मारतो म्हणजे अर्थिंगचा दोष. किनाऱ्यावर हे होतंच. मीटरची काळी वायर बॉडीला जिथे आवळली आहे, तो स्क्रू काढून बघा. थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरी बुरशी आणि खाली गंजाचा पापुद्रा सापडेल. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, नवं थिंबल लावा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे दिले असतील तर तेही कमी करा. एका वायरच्या सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

प्रश्न : चिपळूणला मेस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाले, आता गाडी तापणार नाही. मीटर कधी ६० च्या वर जात नाही. चांगलंच ना?

नाही. नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या. इंजिन थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि ऑइल लवकर खराब होतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि कुंभार्ली घाटात गाडी उलट जास्त तापते. मूळ रोग काट्याकडून ओळखा. बाजारात उभं असताना काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो, तर फॅन बघा. घाटात, भार असताना चढतो, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : मालवणात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. रेडिएटरमध्ये घातलं तर चालेल?

अजिबात नको. क्षार ॲल्युमिनियम खातो. तयार कूलंट घाला.

प्रश्न : माझी व्हॅन २०१६ ची आहे. वायर न कापता तापमान कळेल का?

कळेल. स्टिअरिंगखाली ओबीडीचं (गाडीची तपासणी करायचं यंत्र जोडायचं) सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कूलंटचे अंश दिसतात. गाडी रात्रभर उभी राहणार असेल तर तो काढून ठेवा, थोडी बॅटरी खातो.

प्रश्न : कशेडी घाटात काटा आधी वर गेला, मग आपोआप खाली आला. वाटलं, गाडी थंड झाली, म्हणून पुढे नेली. तीन किलोमीटरवर बंद पडली. हेड बेंड झालं, गॅस्केट (हेडखालचं सील) उडाली. मीटरने फसवलं का?

वाईट वाटलं वाचून, कारण हे मीटर बसवतानाच सांगायला हवं असतं. सेंडर पाण्याचं तापमान दाखवतो, धातूचं नाही. पाइप सुटून पाणी सांडलं की सेंडर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा उतरतो, तर तिकडे हेड कोरडं तापत असतं. माझ्याकडे आलेल्या अशा एका व्हॅनचा फक्त खालचा क्लॅम्प निसटला होता. पाच मिनिटांचं काम, पण पूर्ण हेड उतरवावं लागलं.

म्हणून चढावर काटा नुसता चढत असेल तर एसी बंद करा, हीटर असल्यास पूर्ण सोडा, गाडी कडेला घ्या आणि फॅन चालू राहू द्या. पण वर गेलेला काटा चढावरच झपकन खाली आला, तर त्याच जागी किल्ली फिरवून इंजिन बंद करा. नव्याने मीटर बसवणाऱ्यांनी थोडा जास्त खर्च करून हेडच्या बोल्टखाली बसणारा दुसरा सेन्सर बझरसकट लावावा. तो धातूचंच तापमान बघतो, त्यामुळे पाणी गेलं तरी ओरडतो. रेडिएटरचं टोपण मात्र वरच्या पाइपला हात लावता येईपर्यंत उघडू नका, निदान अर्धा तास. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.