वॉरंटीतील ऑटोमॅटिक घड्याळ वारंवार बंद पडते, पण सर्व्हिस सेंटर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून परत देते. आता घड्याळ बदलून मागावे का?

तुमचे घड्याळ बंद पडते एवढेच प्रश्नात असते तर मी उत्तर लिहिण्याच्या भानगडीत पडले नसते. परंतु ‘तुमच्या वापरातच काहीतरी चुकत असेल’ असे तुम्हांला ऐकवण्यात आले, हे वाचून राहवले नाही. मलाही हेच ऐकवले गेले होते. काउंटरवरील गृहस्थांनी माझे काम कोणते ते आधी विचारून घेतले आणि मग, ‘मॅडम, ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालते, तुमचे काम पडले बैठे,’ असा निकाल देऊन घड्याळ माझ्यापुढे सरकवले. म्हणजे दोष घड्याळात नव्हता, माझ्या खुर्चीत होता.

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटत असला तरी तो खोडून काढणे अवघड नाही. आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना हातानेही किल्ली देता येते, आणि पूर्ण किल्ली दिलेले साधे घड्याळ, मनगटावर न घालता टेबलावर नुसते ठेवले तरी, साधारण 40 तास चालायला हवे. (सेइकोच्या 7एस26 सारख्या काही यंत्रणांना हाताने किल्ली देता येत नाही, त्यांची गोष्ट वेगळी.) मी संध्याकाळी पूर्ण किल्ली देऊन घड्याळ टेबलावर ठेवू लागले, तरी सकाळी ते बंदच सापडे. त्यातही लक्षात येण्याजोगी गोष्ट अशी की काटे दर वेळी मध्यरात्रीच्या थोडे अलीकडे थांबलेले असत आणि तारखेच्या खिडकीत जुन्या व नव्या तारखेचे अर्धे-अर्धे अंक अडकलेले दिसत.

खरे कारण त्या खिडकीतच होते. तारखेची चकती पुढे सरकवण्याचे काम बहुतेक घड्याळे मध्यरात्रीच्या आधीपासून हळूहळू करतात आणि त्यासाठी लागणारी जादा शक्ती मेनस्प्रिंगमधूनच, म्हणजे किल्ली दिल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधूनच येते. त्या वेळात बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे झुलून घड्याळाचा ताल धरणाऱ्या चाकाचा, झोका थोडा कमी होतो, जो निरोगी यंत्रणा सहज सोसते. पण तारखेच्या चाकांत कुठे घर्षण वाढलेले असेल तर घड्याळ नेमके तेव्हाच मान टाकते. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र घड्याळ भर दुपारी, ताजी किल्ली देऊन, टाइमग्राफरवर ठेवले जाते. ते यंत्र टिकटिक ऐकून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे वा मागे जाईल आणि झोका किती अंशांचा आहे, हे सांगते. पूर्ण किल्लीवर 270 ते 310 अंशांच्या आसपास आकडा दिसला की कारागीर समाधानाने ‘दोष आढळला नाही’ असे लिहून मोकळा होतो. तो खोटे लिहीत नाही. रात्री होणारा बिघाड त्याने दुपारी शोधलेला असतो, इतकेच.

म्हणून वाद घालणे सोडून मी जॉब कार्डावरील तक्रारीचे शब्द बदलून घेतले. ‘घड्याळ बंद पडते’ या तीन शब्दांऐवजी ‘पूर्ण किल्ली दिल्यावरही तारीख बदलताना थांबते, त्या वेळेत निरीक्षण करावे’ असे लिहिल्याशिवाय मी घड्याळ हातातून सोडले नाही, आणि अडकलेल्या तारखेचा फोटो सोबत जोडला. या खेपेला कॅलेंडरचा एक भाग बदलून, तेलपाणी करून घड्याळ परत आले. माझी खुर्ची अजूनही तीच आहे आणि घड्याळ चालते आहे.

हे सगळे चालू असताना माझे भावोजी मात्र, ‘कंपनीच्या नादी कशाला लागता, ओळखीचा घड्याळजी पाच मिनिटांत झाकण उघडून तेलाचा थेंब टाकेल,’ असे ऐकवत होते आणि अजूनही जमेल तिथे ऐकवतात. वॉरंटीच्या मुदतीत याहून वाईट सल्ला मला माहीत नाही. घड्याळजी वाईट असतात असे नाही, उलट त्यांतले काही सर्व्हिस सेंटरपेक्षा चांगले असतात. पण मागच्या झाकणावर परक्या हत्याराचा एक ओरखडा दिसला की कंपनीला आयते निमित्त मिळते, आणि झाकण बसवल्यावर पाण्याच्या दाबाची चाचणी झाली नाही तर पाणी अडवणारे गॅस्केट नीट बसले की नाही हे कळत नाही. भावोजींचे स्वतःचे घड्याळ असेच पाच मिनिटांत उघडले गेले होते. पुढे हात धुताना काचेच्या आतून धुके धरले आणि वॉरंटी नाकारली गेली. हे उत्तर त्यांच्या वाचनात आले तरी माझी हरकत नाही.

आता घड्याळ बदलून मागण्याविषयी. दुरुस्त करायचे की बदलून द्यायचे हे बहुतेक वॉरंटी कार्डांत कंपनीच ठरवते, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा म्हणजे फसलेली दुरुस्ती नव्हे, त्यामुळे आज मागणी केलीत तर नकारच मिळेल. आधी दोष त्यांच्याकडून कागदावर कबूल करून घ्या. दुरुस्तीनंतर तोच दोष पुन्हा उद्भवला तर जॉब कार्डे पुढे ठेवून लेखी मागणी करा. ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारे हक्क कार्डावरील अटींपेक्षा अधिक असू शकतात, तेही पाहून ठेवा.

मात्र तुमचे घड्याळ थांबत नसून नुसते मागे पडत असेल तर वरील बरेचसे लागू होणार नाही. क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाला, दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची मर्यादा असते, पण एनएच35 सारख्या साध्या यंत्रणेला निर्माताच उणे 20 ते अधिक 40 सेकंदांची मुभा देतो. तेवढ्या फरकाला कोणी दोष मानणार नाही. घड्याळ एकाएकी खूप पुढे जाऊ लागले असेल तर बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागले आहे, आणि ते उतरवण्याचे काम क्षणभराचे असते. शिवाय रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत तुम्ही तारीख हाताने बदलत असाल तर ते आधी थांबवा, कारण त्याने मोडलेले दाते वॉरंटीत बसत नाहीत आणि काउंटरवर हा प्रश्न तुम्हांला नक्की विचारला जाईल.