गावाच्या फ्रेंच भगिनी-शहर समितीचं (म्हणजे फ्रान्समधल्या एका गावाशी आमच्या गावाचं अधिकृत मैत्रीचं नातं सांभाळणाऱ्या समितीचं) अध्यक्षपद अचानक माझ्याकडे आलं आहे. ती चालवायची कशी?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. जर्मनीतल्या तुमच्या गावात जुने अध्यक्ष थकले म्हणून खुर्ची तुमच्या गळ्यात पडली, फ्रान्सकडून ईमेलला उत्तर येत नाही, आणि दर वर्षीच्या सहलीची बस निम्मी रिकामी जाते. मी दक्षिण जर्मनीतल्या अशाच एका लहान गावाच्या समितीवर बरीच वर्षं आहे, आमचंही भगिनी-गाव फ्रान्समध्येच आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मते रिकामी बस हाच मूळ आजार आहे. ज्याला तिकडे आपलं म्हणावं असं माणूस आहे तो कितीही लांबचा प्रवास करतो. ज्याला नाही, त्याला फुकट न्या म्हटलं तरी तो त्या शनिवारी बागेतलं गवत कापायचं काढतो. नगरपालिकांचे ठराव, वेशीवरच्या पाट्या, चौकाला दिलेलं नाव, हे सगळं असू द्या. तुमचं खरं काम म्हणजे जोड्या जमवणं.

पण आधी उत्तर न येणाऱ्या ईमेलचं बघू. तुम्ही बहुधा तिथल्या नगरपालिकेला, म्हणजे मेरीला, लिहिता आहात. फ्रान्समध्ये जवळपास 35,000 कम्यून, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेली गावं-शहरं, आहेत आणि त्यातले बहुतेक चिमुकले. अशा गावात महापौर हे काही पूर्णवेळ पद नसतं, कचेरी आठवड्यातून ठरावीक वेळीच उघडते, आणि एकच सचिव जन्मनोंदीपासून स्मशानातल्या जागेपर्यंत सगळं बघते. तुमचं पत्र त्या ढिगाच्या तळाशी असतं. भागीदारीचं काम करते ती वेगळी संस्था, 'कॉमिते द ज्यूमलाज', म्हणजे तिकडची भगिनी-शहर समिती. ती सहसा 1901 च्या संस्था-कायद्याखाली नोंदलेली असते, आणि त्या कायद्याला दोन माणसं पुरतात. इकडे जर्मनीत नोंदणीकृत संस्थेला, म्हणजे फेराइनला, सुरुवातीला सात सभासद लागतात. (गाव आल्सास किंवा मोझेल या जर्मन सीमेलगतच्या फ्रेंच भागांत असेल तर तिथे अजून जुना स्थानिक कायदा चालतो आणि तिथेही सातच लागतात.) तेव्हा कागदावरची भारदस्त समिती प्रत्यक्षात एक अध्यक्षबाई आणि खजिनदार म्हणून त्यांचे यजमान एवढीच असू शकते. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की दोन देशांमधला पत्रव्यवहार बंद.

म्हणून फोन करा. संध्याकाळी करा, पण साडेसातनंतर नको, तेव्हा ताट वाढलेलं असतं. फ्रेंच मोडकंतोडकं असलं तरी बोला. तुम्ही भारतीय असून दोघांच्याही भाषेत धडपडता याचा उलट फायदाच होतो, समोरचा माणूस स्वतःच्या मोडक्या जर्मनची लाज सोडून देतो.

महापौरांना मात्र विसरू नका. तिकडे नगरपालिका निवडणुका दर सहा वर्षांनी होतात आणि नवं मंडळ आपल्यातूनच महापौर निवडतं. 2020 नंतरची फेरी मार्च 2026 ची. नवं मंडळ आलं की भागीदारीचा विषय ज्या उपमहापौरांकडे गेला त्यांचं नाव शोधा आणि अभिनंदनाचं कागदी पत्र पाठवा, आपल्या महापौरांच्या सहीनं. नव्या माणसाला हे नातं वारशात आलेलं असतं. पहिल्या काही महिन्यांत कोणी दार वाजवलं नाही तर तो विषय कपाटात जातो.

आता तारखा. आमच्या समितीत सर्वांत जास्त डोकेफोड यावरच होते.

सर्वांत सोयीचा काळ म्हणजे असेन्शनचा, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, गुरुवार. दोन्ही देशांत सुट्टी, फ्रेंच लोक मधल्या शुक्रवारीही रजा घेऊन 'पूल' बांधून घेतात, आणि सलग चार दिवस मिळतात. त्यानंतरच्या पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवारही दोन्हीकडे सुट्टीचा, पण फ्रान्समध्ये 2004 पासून 'एकजुटीचा दिवस' म्हणून काही ठिकाणी त्या दिवशी काम करावं लागतं, तेव्हा विचारून घ्या. 8 मे ही तिकडे दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाची सुट्टी असते आणि इकडे साधा कामाचा दिवस. 11 नोव्हेंबरला तर विशेष सांभाळा. ऱ्हाईनकाठच्या गावांत त्या दिवशी अकरा वाजून अकरा मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो, विदूषकी टोप्या निघतात. फ्रान्समध्ये त्याच सकाळी पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीसाठी स्मारकापाशी फुलं वाहिली जातात. त्या दिवशी पाहुणे बोलवायचे असतील तर ते स्मारकाच्या कार्यक्रमासाठीच बोलवा.

शाळा सामील असेल तर फ्रान्सचे तीन विभाग पाठ करा. हिवाळी आणि वसंतातल्या सुट्ट्या अ, ब, क विभागांत वेगवेगळ्या आठवड्यांत येतात: लियों आणि बोर्दो अ मध्ये, स्ट्रासबुर्ग आणि लील ब मध्ये, पॅरिस आणि तुलूझ क मध्ये. जर्मनीत प्रत्येक राज्याचं वेळापत्रक निराळं. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून पुढच्या वर्षाच्या तारखा या वर्षीच्या भेटीतच, सगळे समोर असताना, ठरवून टाका. नंतर ईमेलवर ठरवू म्हटलं की संपलं.

जोड्या कशा जमवायच्या? गावात आधीपासून काय चालतं ते बघा आणि त्याचं जुळं तिकडे शोधा. अग्निशमन दल हे माझं आवडतं उदाहरण. दोन्ही देशांत हे काम बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतं, दोन्हीकडे मुलांची पथकं असतात, आणि दोन अग्निशामक एका बंबाचं झाकण उघडून उभे राहिले की त्यांना दुभाषा लागत नाही. वाद्यवृंदाचं तसंच, कारण लिहिलेले स्वर दोघांनाही वाचता येतात. पेतांक हा धातूच्या गोळ्यांचा फ्रेंच खेळ खेळणारे तर जर्मनीत गावोगाव आहेत. याउलट 'संस्कृती संध्या' नावाचा मोघम कार्यक्रम करू नका, तिथे आपलेच लोक आपल्याच टेबलावर बसतात. नाताळच्या बाजारात पाहुण्यांना चीज आणि वाईनचा ठेला द्या, म्हणजे समितीबाहेरचं अर्धं गाव त्यांना भेटतं. फक्त विकण्यासाठी आणलेल्या दारूचे कर आणि परवाने आधी विचारून घ्या, तिथे घरच्या बाटलीचे नियम लागत नाहीत.

यजमान कुटुंबांची यादी म्हणजे वऱ्हाडाची उतरण्याची सोय समजा. कोणाला जिने चढवत नाहीत, कोणाला कुत्र्याची ॲलर्जी, कोण गेल्या वेळी कोणावर रुसलं होतं, हे सगळं एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि ते माणूस बहुधा तुमचे थकलेले अध्यक्षच असतात. त्यांच्यासोबत कॉफीला बसा आणि ती माहिती उतरवून घ्या. जेवणाच्या वेळांचंही दोन्ही बाजूंना आधी सांगा. इथल्या जर्मन घरात सहा वाजता पाव, चीज, काकडी मांडून जेवण आटोपतं. फ्रेंच पाहुणा त्याला अल्पोपाहार समजतो आणि आठ वाजता खऱ्या जेवणाची वाट बघत बसतो.

तरुण कुटुंबांची घरं लहान असतात, अनोळखी माणसाला मुलांच्या खोलीत झोपवणं त्यांना नको वाटतं. जुने सभासद यावर नाराज होतात. माझं मत विचाराल तर घरी झोपवण्याचा हट्ट सोडा, हॉटेल चालेल, पण एक जेवण घरच्या टेबलावर झालंच पाहिजे. भाषेचंही तेच. नवी मुलं आपसांत इंग्रजी बोलतात. बोलू द्या.

जुन्या सभासदांना हे सगळं उथळ वाटू शकतं, आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. फ्रान्स-जर्मनीमधली पहिली भागीदारी 1950 ची, मोंबेलियार आणि लुडविग्सबुर्ग यांची. मोंबेलियारचे महापौर ल्युसियां तारादें हे नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतले, बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले. त्या माणसानं युद्ध संपून पाच वर्षं होतात न होतात तोच जर्मन गावाशी हात मिळवला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांचा एलिझे मैत्री करार त्यानंतर, 22 जानेवारी 1963 ला झाला, आणि पुढे अशा जोड्या दोन हजारांवर गेल्या. तुमच्या समितीतल्या ऐंशीच्या घरातल्या आजींसाठी पहिली बस म्हणजे शत्रूच्या घरी जाऊन जेवणं होतं. सोळा वर्षांच्या मुलाला शत्रुत्वच ठाऊक नाही, तर समेट कसला करणार? त्याला दुसरं निमित्त लागेल: हँडबॉलचा सामना, उन्हाळी नोकरी, नदीचा पूर आला तेव्हा त्यांनी काय केलं आणि आपण काय केलं याची चर्चा. आजींना मात्र त्यांची गोष्ट शाळेत जाऊन सांगू द्या, अजून सांगता येते तोवर.

पैशाचं थोडक्यात. जर्मन नगरपालिकेसाठी हा ऐच्छिक खर्च असतो, तिजोरी आटली की पहिली कात्री इथेच लागते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका. तिशीपर्यंतच्या मुलांसाठी 1963 मध्येच स्थापन झालेलं फ्रँको-जर्मन युवा कार्यालय आहे. सर्व वयांसाठी दोन्ही देशांमधल्या आखेन करारातून आलेला आणि 2020 पासून चालू असलेला फ्रँको-जर्मन नागरिक निधी आहे, लहान समित्यांना तो सर्वांत सोपा पडतो. युरोपीय संघाच्या कार्यक्रमातही भगिनी-शहरांसाठी पैसे असतात, पण तो अर्ज भरायला धीर लागतो. तिन्हीकडे नुसत्या प्रेक्षणीय स्थळांच्या सहलीला काही मिळत नाही, दोन्ही बाजूंचे लोक मिळून काय करणार ते सांगावं लागतं, आणि अर्ज आधी करावा लागतो. परत आल्यावर पावत्या पाठवून उपयोग नाही.

बस ठरवताना चालकाचे तास मोजा. युरोपीय नियमाने दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच दहा, आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती. नकाशावर अकरा तास दिसत असतील तर दुसऱ्या चालकाचे पैसे किंवा वाटेतला मुक्काम धरूनच वर्गणी सांगा.

मुलं येणार असतील तर कागद. फ्रान्समध्ये राहणारं अल्पवयीन मूल आईवडिलांशिवाय देशाबाहेर निघालं की 2017 पासून पालकांच्या सहीचं परवानगीपत्र, पालकांच्या ओळखपत्राची प्रत आणि मुलाचं स्वतःचं ओळखपत्र अशी तिन्ही कागदपत्रं लागतात. फ्रेंच समितीला ठाऊक असतं, तरी प्रत्येक वेळी कोणाचं तरी पत्र स्वयंपाकघरात राहतं. आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी, भारतीय पासपोर्ट असेल तर, तो आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात ठेवायचं. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीच्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू झाली. बस थांबली तर समितीच्या अध्यक्षामुळेच सगळे खोळंबले असं व्हायला नको.

सुरुवात म्हणून या महिन्यात दोनच फोन करा. एक तिकडच्या अध्यक्षांना, पुढच्या असेन्शनची तारीख पक्की करायला. दुसरा आपल्या गावातल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांना, तिकडचे लोक आले तर बंब दाखवाल का, एवढंच विचारायला.