वय २३, नाशिकला रूमवर राहतो, रात्री तीनपर्यंत झोप येत नाही. गोळीशिवाय काही उपाय?

आहे, सीबीटी-आय. निद्रानाशासाठीचा हा वर्तनोपचार, म्हणजे गोळीऐवजी झोपेच्या सवयी नि विचार बदलणं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून हाच सुचवला. कधीही झोपलास तरी उठायची वेळ एकच ठेव, रविवारीसुद्धा. कॉटवर अभ्यास, मोबाइल बंद (रूमवर दुसरी जागा नसते, कळतं मला, खाली सतरंजी टाक). वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बस, पेंग आली की मगच आडवा हो. पहिले काही दिवस जड जातात, सोडू नकोस. सकाळी उजेडात गोदाकाठी चालून ये. कॉलेज रोडवरची संध्याकाळची कॉफी बंदच कर, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. योगनिद्रा जरूर कर, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. मन खचत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं.