ऑनलाईन व्यवसायात अपयशाची भीती वाटते, ती कशी घालवावी?

आपण लिहिले आहे की नागपुरातून ऑनलाईन विक्री सुरू करण्याची सगळी तयारी झालेली आहे, परंतु "फसलो तर नातेवाईक काय म्हणतील" या भीतीने आठ महिने पाऊल उचलले गेलेले नाही, आणि ही भीती घालवायची कशी, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर सरळ आहे: ती जात नाही. मी काटोलकडच्या बागांतली संत्री थेट ग्राहकांना पाठवतो, आणि हंगामाची पहिली पेटी कुरियरवाल्याच्या हाती देताना आजही पोटात गोळा येतो. या भीतीने मला एकदा जे करायला लावले ते सविस्तर सांगतो, कारण माझे नुकसान धंद्याने केले नव्हते, भीतीने केले होते.

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी निघणाऱ्या पिकाच्या, पाच-पाच किलोच्या ४२ पेट्यांचे पैसे ग्राहकांनी आगाऊ पाठवले होते, पेटीला ६४० रुपये. संत्र्याचा देठ कात्रीने फळालगत कापावा लागतो. हाताने ओढून तोडले की देठाजवळची साल उचकटते आणि बुरशीला तेवढी वाट पुरते. शिवाय दव वाळल्यावरच तोडणी करायची असते. त्या दिवशी मजूर उशिरा मिळाले, गाडी ठरलेली होती, म्हणून भल्या पहाटे ओलीच फळे हाताने ओढून तोडली गेली. दुपारी घराच्या पडवीत पेट्या भरताना फळामागून फळ हातात येत होते आणि देठाच्या जागी नुसता खळगा दिसत होता. त्याच क्षणी ४२ जणांना "माल चार दिवस उशिरा पाठवतो" असे कळवायला हवे होते. मी कळवले नाही. पहिल्याच हंगामात ऑर्डर पुढे ढकलली तर सगळे म्हणतील की याला जमत नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता. मी पेट्या बंद केल्या आणि पाठवल्या.

पाचव्या दिवशी पुण्याहून पहिले छायाचित्र आले: पेटीच्या कोपऱ्यात निळसर-हिरव्या बुरशीने माखलेली चार फळे आणि खालचा पुठ्ठा ओला झालेला. संध्याकाळपर्यंत अशी छायाचित्रे येत राहिली आणि मी फोन बंद केला. तो दीड दिवस बंद होता. आयुष्यात मला सर्वाधिक लाज कशाची वाटत असेल तर या दीड दिवसाची. फोन सुरू केल्यावर सर्वांत आधी पुण्याच्या त्याच बाईंना बोललो. त्या म्हणाल्या, "अहो, फळ खराब निघतं, त्याचं एवढं काही नाही. पण फोन का बंद ठेवलात? आम्हाला वाटलं, आपण फसलो." फसण्याची भीती पलीकडच्या माणसालाही असते, आणि त्याने तर न पाहिलेल्या मालाचे पैसे आधीच दिलेले असतात, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

मग मी ४२ही जणांना फोन केले. तक्रार २९ जणांची होती. उरलेल्या १३ पैकी चौघांचीही फळे सडली होती, पण संकोचाने ते बोलले नव्हते. अशा ३३ पेट्यांचे २१,१२० रुपये मी परत केले. त्यातला मोठा भाग मुलाच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेला होता. पत्नीने एका शब्दाने अडवले नाही.

अडवले ते थोरल्या भावाने. दादा नागपूरच्या कळमना बाजारात अडतीच्या व्यवसायात आहे. तो म्हणाला, "नाशवंत माल आहे बे, पैसे काहून वापस करून राहिला?" त्याचे म्हणणे आजही तेच आहे, आणि घरातल्या प्रत्येक कार्यात ते चारचौघांत निघते. दादाचा अनुभव खरा आहे, परंतु तो कळमन्याचा आहे. तिथे व्यापारी ढिगापाशी उभा राहतो, फळ हातात घेऊन दाबून पाहतो आणि मग बोली लावतो. माल पारखण्याची जोखीम त्याच्या डोळ्यांवर असते. ऑनलाईन ग्राहकाला डोळेच नसतात. त्याच्या वतीने पाहणारा मीच, म्हणून जोखीमही माझीच. शिवाय २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार सदोष निघालेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, त्यामुळे यात माझा मोठेपणाही काही नव्हता.

पुढच्या मृग बहाराला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी निघणाऱ्या पिकाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मी वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहिला. फळे, पुठ्ठ्याची पेटी आणि कुरियर मिळून मला एक पेटी ४८० रुपयांना पडत होती. २० पेट्या पाठवल्या आणि सगळ्याच सडून सगळ्यांचे पैसे परत करावे लागले, तरी खिशातून ९,६०० रुपयेच जाणार होते. तो आकडा मी पत्नीला दाखवला आणि दादालाही दाखवला. नातेवाईकांची भीती तिथेच निम्मी झाली, कारण नुकसान किती होऊ शकते हे मीच आधी सांगून टाकल्यावर त्यांना कुजबुजायला काही उरले नाही. तोडणी कात्रीने केली, फळे रात्रभर सावलीत पसरून ठेवली आणि गुरुवारनंतर एकही पेटी पाठवली नाही, म्हणजे रविवारी माल कुरियरच्या गोदामात पडून राहत नाही. आंबिया बहाराची साल हिरवट असली तरी फळ आत गोड असते, हेही आता मी पैसे घेण्याआधीच ग्राहकाला कळवतो. पूर्वी "कच्ची संत्री पाठवली" या तक्रारीच्या धास्तीने मी तो विषयच काढत नसे.

तेव्हा आपणही असा एक आकडा लिहा आणि ज्यांच्या हसण्याची भीती वाटते त्यांनाच तो दाखवा. मोठी जाहिरात करून सुरुवात करू नका. आठ महिने तयारी चालली आहे, तर ती तयारी राहिलेली नाही, ते लपणे आहे; हे कठोर वाटेल, पण मी लपलेलो आहे म्हणून ओळखतो. मात्र घर गहाण असेल, व्याजाने पैसे घ्यावे लागणार असतील किंवा माझ्यासारखे मुलांच्या फीचे पैसे त्यात असतील, तर आपली भीती योग्यच आहे आणि तिचे ऐकावे. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर माझ्यासारख्या संत्री विकणाऱ्याचा सल्ला पुरेसा नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

दादा अजूनही म्हणतो की ते २१,१२० रुपये पाण्यात गेले. मृग बहाराच्या त्या २० पेट्यांपैकी ११ पेट्या ज्यांना मी पैसे परत केले होते त्या ३३ जणांमधूनच मागवल्या गेल्या, आणि पुण्याच्या त्या बाईंनी एकीऐवजी दोन घेतल्या. वही घरी आहे. दादाने ती कधीही येऊन पाहावी.