तडितरक्षक असूनही टाकी का पेटते?

प्रश्न : कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आमच्यापासून फार दूर नाही. तडितरक्षक असूनही विजेमुळे तेलाच्या टाक्या पेटतात, त्या कशा?
— एक वाचक, गोरवा, वडोदरा

उत्तर : तडितरक्षक वीज अडवत नाही, तिला जमिनीत उतरण्याची सोपी वाट देतो, एवढेच. कच्च्या तेलाच्या मोठ्या टाक्यांचे छप्पर बहुधा तेलावरच तरंगते, आणि छप्पर व भिंत यांमधील फटीत सील बसवलेले असले तरी तिथे थोडी ज्वलनशील वाफ साचतेच. वीज टाकीवर किंवा नुसती जवळपास पडली, तरी छपरावरून भिंतीकडे धावणाऱ्या प्रवाहामुळे त्या फटीत ठिणगी पडून वाफ पेटू शकते. म्हणून छप्पर आणि भिंत धातूच्या पट्ट्यांनी जोडतात. पण भिंतीवर गंज किंवा मेणचट थर चढला की हा जोड नावापुरताच उरतो, आणि खरी ढिलाई, माझ्या मते, इथेच होते. कडेपुरती आग फेसाने विझवता येते. क्यूबातील मातान्सास येथे ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र विजेने पेटलेल्या एका टाकीची आग शेजारी पसरून चार टाक्या नष्ट झाल्या. आपल्याकडे भोंगा वाजलाच, तर दारे-खिडक्या बंद करून प्रशासनाच्या सूचनेची वाट पाहावी. गच्चीवर जाऊन पाहू नये.