ब्राउझरमध्ये पायथन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शाळेच्या लॅबमध्ये २० जुने कॉम्प्युटर आहेत, पण त्यांवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. नववीच्या मुलांना ब्राउझरमध्येच पायथन शिकवता येईल का?
– एक शिक्षक, चोपडा

उत्तर: येईल, आणि वर्गात नेट नसले तरी येईल. ब्राउझरला मुळात जावास्क्रिप्टच कळते. पायोडाइड (Pyodide) या प्रकल्पाने पायथनचा मूळ, सी भाषेतला इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्राम) वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझर जावास्क्रिप्टशिवाय चालवू शकतो अशा कोडमध्ये, आणला आहे. २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालेले हे काम आता स्वतंत्र मुक्त प्रकल्प म्हणून चालते. मुलांच्या हाती येतो तो खराखुरा सीपायथन, म्हणजे तोच मूळ इंटरप्रिटर.

गिटहब या कोडच्या संकेतस्थळावरून पायोडाइडचा ‘कोअर’ संच एकदाच उतरवून घ्या. ‘फुल’ संचात नमपाय, पांडाज (आकडेमोडीच्या आणि तक्त्यांच्या लायब्ररी) सगळे असते, पण तो काही शे एमबीचा; नववीला त्याची गरज नाही. संच उलगडून त्याच फोल्डरमध्ये तुमचे एचटीएमएल पान ठेवा. संचातल्या सगळ्या फाइल एकाच आवृत्तीच्या असू द्या, सरमिसळ केली की लोड होतानाच एरर येते.

पानावर डबल-क्लिक करून मात्र उघडू नका. तसे केल्यास पत्ता ‘फाइल’ने सुरू होतो आणि ब्राउझर वेबअसेंब्लीची फाइल वाचू देत नाही; पायथन सुरूच होत नाही. पायथन असलेल्या तुमच्या लॅपटॉपवर त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच रोमनमध्ये). विंडोज फायरवॉल विचारेल तेव्हा खासगी नेटवर्कला परवानगी द्या. मग त्याच नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर लॅपटॉपचा आयपी पत्ता, कोलन आणि ८००० टाकले की पान उघडते. पहिल्यांदा प्रत्येक कॉम्प्युटर दहा एमबीच्या आसपास ओढतो, म्हणून सगळ्यांना एकदम उघडायला लावू नका, ओळीओळीने उघडा. ब्राउझर अद्ययावत हवा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये वेबअसेंब्ली नाहीच.

सगळ्यात जास्त घोळ ‘व्हाइल ट्रू’ने होतो. एखाद्या मुलाचे लूप थांबले नाही की अख्खा टॅब गोठतो, कारण पायथन आणि पान एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतात. म्हणून पायोडाइड वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळ्या धाग्यावर, लोड करा आणि पानावर ‘थांबवा’ बटण ठेवून त्याने वर्कर टर्मिनेट करा. त्यानंतर इंटरप्रिटर नव्याने सुरू करावा लागतो, तेवढा वेळ जाईल, पण टाइप केलेला कोड शाबूत राहतो. वर्करमध्ये ‘इनपुट’ची प्रॉम्प्टची चौकट उघडत नाही, हे आधीच लक्षात घ्या. मुलांकडून संख्या पानावरच्या मजकूर-चौकटीत भरून घ्या आणि कोडसोबत वर्करला पाठवा.

प्रश्न: केळीचे वजन आणि क्विंटलचा भाव टाकला की रक्कम काढणारे पान पायोडाइडवर केले. बटण दाबले की ‘बॉरोड प्रॉक्सी’ अशी एरर येते. नोंदीही रीफ्रेश केल्यावर गायब होतात.
– एक वाचक, रावेर

उत्तर: तुम्ही पायथनचे फंक्शन थेट ‘अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर’ला (बटणाच्या क्लिकला फंक्शन जोडणाऱ्या आज्ञेला) दिलेले दिसते. ती आज्ञा संपताच पायोडाइड त्या फंक्शनचा तात्पुरता दुवा मोडतो, आणि क्लिकच्या वेळी ते सापडत नाही. ‘पायोडाइड.एफएफआय’मधले ‘क्रिएट प्रॉक्सी’ वापरून फंक्शन गुंडाळा, मग द्या.

नोंदी जातात कारण पायोडाइडची फाइल व्यवस्था मेमरीत असते. एक फोल्डर ‘आयडीबीएफएस’वर, म्हणजे ब्राउझरच्या कायम साठवणीवर, माउंट करा (जोडा). सुरुवातीला ‘सिंकएफएस’ ही आज्ञा ‘ट्रू’ देऊन चालवा, म्हणजे जुन्या नोंदी आत येतील. प्रत्येक लेखनानंतर ‘फॉल्स’ देऊन चालवा, म्हणजे त्या साठतील. हे दुसरे हमखास विसरले जाते. तरीही कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला तर सगळे जाईल. पैशांचा हिशेब आहे, रोज संध्याकाळी सीएसव्ही उतरवून ठेवा.

प्रश्न: ब्राउझरमध्ये पायथन चालवणारे दुसरे साधन, ब्रायथन, हलके आहे म्हणतात. तेच घ्यावे का?
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर: बटणे, फॉर्म, छोटी गणिते एवढेच असेल तर खुशाल घ्या. ते पायथनचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करते, त्यामुळे पान चटकन उघडते. नमपाय किंवा पांडाज लागणार असेल तर पायोडाइडच. त्यांच्या गाभ्यातला सीमधला कोड ब्रायथनला चालवता येत नाही.